जुन्या जीपला नवा वेग, पण ब्रेकचे काय?

मोटार अपघात दाव्यांच्या कामात काही उत्तरे अशी मिळतात की ती कागदावर उतरतात आणि मग डोक्यातून जात नाहीत. पश्चिम महाराष्ट्रातील एका घाटाच्या पायथ्याशी काही वर्षांपूर्वी एक अपघात झाला. आठवडी बाजार उरकून एक शेतमजूर बाई रस्त्याच्या कडेला वडापची वाट पाहात उभी होती. वरून एक जुनी जीप उतरत आली. वळणावर चालकाने ब्रेक दाबला तर पॅडल सरळ तळाला गेले. हँडब्रेक ओढून उपयोग झाला नाही. बाई जागीच गेली. मागे दोन मुली राहिल्या. त्यांच्या दाव्यात मी वकील होतो. उलटतपासणीत जीपमालकाला विचारले, इंजिन कधी बदलले? त्याने महिना, वर्ष आणि रक्कम सांगितली. टायर कधी बदलले? तेही सांगितले. गाण्याच्या स्पीकरची किंमतसुद्धा त्याला तोंडपाठ होती. मग विचारले, ब्रेकचे काय काम केले? तो गडी थोडा थांबला आणि म्हणाला, "ब्रेक होते ते चांगले होते."

हा मालक दारू प्यालेला नव्हता. चालकाकडे परवाना होता. गाडीवर या मंडळींचा जीव होता, दर रविवारी ती धुतली जायची. तरीही एका बाईचा जीव गेला. का गेला, याचे उत्तर त्या एका वाक्यात आहे आणि ते वाक्य महाराष्ट्रातल्या शेकडो गॅरेजमध्ये आजही बोलले जाते. म्हणूनच हा विषय या सदरात घेणे मला आवश्यक वाटते. जुनी जीप हा केवळ हौशी लोकांचा प्रश्न आहे असे कोणी म्हणेल. वास्तविक पाहता ती ज्या रस्त्यावरून धावते, त्या रस्त्याने पायी चालणारे आपणच असतो.

जीप आली कोठून?

दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. युद्ध संपल्यावर हीच गाडी शेतकऱ्याची, वनखात्याची आणि पोलिसांची गाडी म्हणून विकली जाऊ लागली. आपल्याकडे १९४५ साली महिंद्र अँड महंमद ही कंपनी स्थापन झाली. फाळणीनंतर १९४८ साली तिचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले आणि १९४९ साली माझगाव येथे विलीज जीपची जुळणी सुरू झाली. पुढे सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत बंद पडल्यावरही भारतात बनत राहिले. तहसीलदाराची गाडी, पाटबंधारे खात्याची गाडी, निवडणुकीच्या प्रचाराची गाडी, परिषदेला माणसे नेणारी गाडी म्हणजे जीप, हे समीकरण आपल्या दोन पिढ्यांनी पाहिले. लिलावात काढलेल्या सरकारी जीपा मग खेड्यापाड्यांत आल्या. मागे बाक टाकून त्यांनी पंधरा-पंधरा माणसे वाहिली.

आज याच गाड्यांना पुन्हा भाव आला आहे. ज्याच्याकडे दोन पैसे आहेत तो जुनी जीप घेतो आणि गॅरेजवाल्याला म्हणतो, "तयार करून दे." तयार करणे म्हणजे काय? मोठे डिझेल इंजिन, रुंद टायर, उंच केलेली पाटे-स्प्रिंग, पुढे दिव्यांची रांग. गाडी वाघासारखी दिसू लागते. पण वाघाला आवरायचे कशाने? प्रश्न येथे सुरू होतो.

ही गाडी कोणत्या वेगासाठी होती?

सीजे-३बी जीपचे मूळ पेट्रोल इंजिन सुमारे २२०० सीसीचे आणि जेमतेम ७५ अश्वशक्तीचे. ॲक्सलचा रेशो ५.३८, म्हणजे चाकाचा एक फेरा होण्यासाठी प्रोपेलर शाफ्टला पाचाहून अधिक फेरे मारावे लागतात. असा रेशो चिखलातून, ओढ्यातून, नांगरटीतून रेटत जाण्यासाठी असतो, पळण्यासाठी नसतो. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर अवघे ८० इंच. चाकांचे ब्रेक ड्रमचे, ९ इंच व्यासाचे आणि पावणेदोन इंच रुंदीच्या लायनरचे. ताशी ४० ते ५० किलोमीटरच्या कामाला हे सारे पुरेसे होते. त्या काळचे रस्तेही तसेच होते.

आता हिशेब करू. शाळेत शिकलो ते आठवावे. चालत्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ४० च्या वेगाचे ८० केले तर वेग दुप्पट होतो, पण ब्रेकला जी ऊर्जा उष्णता करून संपवावी लागते ती चौपट होते. मध्यम प्रतीचा ब्रेक धरला तर ४० च्या वेगातली गाडी ब्रेक लागल्यावर साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ८० च्या वेगात तीच गाडी ५० मीटर घेते. माणसाला धोका दिसून पाय पॅडलवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. त्या एका सेकंदात गाडी अनुक्रमे ११ आणि २२ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे २४ मीटरच्या जागी ७२ मीटर. हाही हिशेब कोरड्या, सपाट रस्त्याचा आणि ब्रेक तापलेले नसताना. घाटात उतारावर काय होत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

त्यात मोठे टायर. मूळचा टायर साधारण २९ इंच उंचीचा. त्या जागी ३३ इंची टायर चढविला की तोच ब्रेक रस्त्यावर सुमारे १२ टक्के कमी जोर लावतो, कारण चाकाची त्रिज्या वाढली म्हणजे ब्रेकच्या विरुद्ध बाजूची तरफ लांबली. शिवाय जड चाक फिरते ठेवायला आणि थांबवायलाही जास्त ताकद लागते. मालकाला वाटते आपण फक्त टायर बदलला. प्रत्यक्षात त्याने ब्रेक कमी केलेला असतो.

कंपनीने स्वतः काय केले?

जीप बनविणाऱ्यांनी स्वतः काय केले ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत १९७० साली जीपचा कारभार अमेरिकन मोटर्स या कंपनीकडे गेला. १९७२ साली तिने सीजे जीपला सहा आणि आठ सिलिंडरची दणकट इंजिने दिली. पण त्याच वर्षी पुढचा ॲक्सल बदलून अधिक मजबूत दिला, ब्रेकचे ड्रम ११ इंची केले, जुनी स्टेअरिंग पेटी काढून नव्या पद्धतीची बसविली आणि दोन चाकांतले अंतरही वाढविले. काही वर्षांनी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले. इंजिन वाढते तेव्हा बाकीचे सारे वाढले पाहिजे हे कंपनीच्या इंजिनीअरांना कळत होते. आपल्याकडे मात्र इंजिन १९९० नंतरचे आणि ब्रेक १९५० चे, असा संसार एकाच चासीवर मांडला जातो.

ब्रेक: आधी दोन सर्किट, मग डिस्क

जुन्या जीपच्या ब्रेकमध्ये सर्वांत मोठा दोष ड्रम लहान असण्याचा नाही. मोठा दोष असा की चारही चाकांचे तेल एकाच मास्टर सिलिंडरमधून, एकाच सर्किटने जाते. कोठेही एक रबरी होजपाइप फुटला, एक पाइप दगडाला घासून गळू लागला की चारही चाकांचे ब्रेक एका क्षणात जातात. वर सांगितलेल्या अपघातात नेमके हेच घडले होते. डाव्या बाजूचा जुना होजपाइप फुटला होता. गाडीला दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर असता तर एक जोडी चाके तरी धरली असती. दोन भागांचा मास्टर सिलिंडर भारतातल्या प्रत्येक चालू जमान्याच्या गाडीत असतो आणि तो मिळायला अवघड नाही. म्हणून मी जाणकार मिस्त्रींचे म्हणणे पुढे ठेवतो: पहिला रुपया येथे खर्च व्हावा.

त्या जीपचा हँडब्रेक का लागला नाही, हेही समजून घेतले पाहिजे. जुन्या विलीज जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो गिअरपेटीमागच्या ट्रान्सफर केसच्या शाफ्टवरील एका छोट्या ड्रमवर असतो. तो ड्रम थांबला म्हणजे प्रोपेलर शाफ्ट थांबतो आणि पर्यायाने मागची चाके. उभी गाडी धरून ठेवायला हे ठीक. पण त्या पेटीचे ऑइलसील गळते, तेल ड्रमवर येते आणि पट्टे गुळगुळीत होतात. शिवाय मागचा एखादा ॲक्सल शाफ्ट तुटला तर डिफरन्शियलमुळे सारी ताकद मोकळ्या बाजूला जाते आणि हा ब्रेक असून नसल्यासारखा होतो. म्हणजे संकटकाळी ज्याच्यावर भिस्त ठेवायची तोच संकटात सापडलेला.

ड्रमचा व्यास ९ वरून ११ इंच आणि लायनर दोन इंच रुंद केला तर घासणारे क्षेत्र सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. उष्णता पसरायला जागा मिळते. डिस्क बसविली तर आणखी चांगले. ओढ्यातून गाडी काढल्यावर ड्रममध्ये पाणी साचते आणि काही वेळ ब्रेक लागत नाही, डिस्क मात्र लगेच कोरडी होते. घाटात ड्रम तापून फुगतो व लायनरपासून दूर जातो, डिस्कला ती अडचण नाही. परंतु येथेही अर्धवट ज्ञान घातक ठरते. ड्रम स्वतः फिरताना लायनरला आत ओढून घेतो, त्यामुळे पायाचा जोर कमी लागतो. डिस्क तसे करीत नाही. तिला जास्त दाब लागतो, म्हणून बूस्टर लागतो. बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो. पेट्रोल इंजिन तो आपसूक देते, डिझेल इंजिन देत नाही, त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसविले, डिस्क बसविली आणि पंप विसरला, तर पॅडल दगडासारखे घट्ट होते. ड्रमसाठीचा मास्टर सिलिंडर तसाच ठेवला तर त्यातला दाब धरून ठेवणारा वॉल्व्ह डिस्कचे पॅड सतत घासत ठेवतो, चाक तापते.

आणखी एक गोष्ट. ब्रेक लावताना गाडीचे वजन पुढे झुकते. मागचे ब्रेक पुढच्यांपेक्षा जास्त लागले तर मागची चाके आधी जाम होतात आणि ८० इंची आखूड गाडी भोवऱ्यासारखी फिरते. पुढे-मागे दाबाचे प्रमाण बसविणे हे शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे काम असते. ते मोकळ्या मैदानात, कमी वेगात, गाडी रिकामी आणि भरलेली अशा दोन्ही स्थितींत तपासावे लागते. बाजारातल्या गर्दीतून पहिली चक्कर मारून ते तपासले जात नाही.

स्टेअरिंग: साडेचार इंचांचा कायदा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ फार थोड्या लोकांनी वाचला आहे. तो सांगतो की स्टेअरिंग सुस्थितीत असावे आणि त्याचा फुकट खेळ, ज्याला गॅरेजमध्ये 'प्ले' म्हणतात, ३० अंशांपेक्षा जास्त नसावा. १७ इंची स्टेअरिंगच्या काठावर हे अंतर साधारण साडेचार इंच भरते. चालकाने हात फिरवला तरी साडेचार इंचांपर्यंत चाक हलले नाही तरी कायदा ते सहन करतो. जुन्या जीपा पाहा. कित्येकींचे स्टेअरिंग याच्या दुप्पट मोकळे फिरते आणि चालक अभिमानाने सांगतो, "मला सवय आहे."

जीपमध्ये हा प्ले एका जागी नसतो, तो ठिकठिकाणी वाटलेला असतो. पेटीतील कॅम आणि तिच्या खाचेत फिरणारे खुंट झिजतात. तेथून ड्रॅगलिंक पुढे जाते आणि मधोमध बेलक्रँक नावाच्या तुकड्याला मिळते. त्या बेलक्रँकची पिन झिजते. तेथून दोन टायरॉड दोन चाकांकडे जातात, त्यांची टोके झिजतात. शेवटी चाकाच्या मुठीतल्या किंगपिनचे बेअरिंग झिजते. मिस्त्री एकच टोक बदलतो आणि गिऱ्हाइकाला म्हणतो, झाले. मोठे टायर चढविल्यावर या साऱ्या झिजेवर भार वाढतो. मग एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाके दोन्ही बाजूंना थडाथडा हलू लागतात आणि स्टेअरिंग हातातून सुटते.

यावर उपाय दोन प्रकारचे. पहिला, मूळ पद्धत ठेवून सारे झिजलेले भाग एकाच वेळी बदलणे, किंगपिनला योग्य शिम लावणे, चाकांचे अँगल मोजून बसविणे. दुसरा, नंतरच्या जीपची गोळ्यांवर फिरणारी पेटी किंवा पॉवर स्टेअरिंग बसविणे आणि बेलक्रँक काढून टाकणे. हा दुसरा मार्ग चांगला, पण एक पथ्य पाळून. जुन्या चासीला जेथे पेटी बोल्ट केलेली असते तेथे बहुधा तडे गेलेले असतात. पॉवर स्टेअरिंगचा जोर त्या तड्यावर पडला तर पेटीच चासीतून हलू लागते. म्हणून आधी चासी साफ करून, तडे शोधून, आतून पट्टी देऊन मजबूत करावी लागते. ड्रॅगलिंक पाटे-स्प्रिंगच्या हालचालीला धरून योग्य रेषेत नसेल तर प्रत्येक खड्ड्याला गाडी आपोआप वळते. आणि एक गोष्ट कोणत्याही परिस्थितीत करू नये: स्टेअरिंगचा दांडा, आर्म किंवा चाकाची मूठ कापून वेल्डिंग करणे. इंजिनाचा ब्रॅकेट तुटला तर गाडी बंद पडेल. स्टेअरिंगचा वेल्ड तुटला तर गाडी चालूच राहील, फक्त ती तुमच्या ताब्यात नसेल.

ॲक्सल: न उघडलेले चाक

सीजे-३बी च्या मागच्या ॲक्सलचा शाफ्ट टोकाला निमुळता असतो. त्यावर चाकाचे हब बसते, मध्ये एक चावी आणि वर नट. नट थोडा जरी सैल राहिला की चावी खाच खाते, शाफ्टला तडा जातो आणि एके दिवशी चाक शाफ्टच्या टोकासह गाडी सोडून पुढे निघून जाते. शिवाय हे हब काढायला मजबूत पुलर लागतो. तो सर्व गॅरेजांत नसतो, असला तरी घाम काढतो. परिणाम असा की सर्व्हिसिंगला पुढचे ड्रम उघडले जातात आणि मागचे तसेच राहतात. ॲक्सलच्या रचनेमुळे ब्रेक न पाहिलेले राहतात, हे नाते लक्षात घेतले पाहिजे. एकजीव फ्लँज असलेले शाफ्ट बसविले तर ड्रम हाताने निघतो आणि लायनर दर वेळी दिसतो. चाकाचा भार हाऊसिंगवर घेणारी पूर्ण तरंगती पद्धत केली तर शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते.

ॲक्सल बदलताना लोक आणखी एक चूक करतात. मागे एका गाडीचा ॲक्सल, पुढे दुसऱ्या गाडीचा. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून नीट पारखून आणलेला मालही एकमेकांशी जुळला पाहिजे. फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढचा आणि मागचा रेशो एकच असावा लागतो. तो वेगळा असेल तर डांबरी रस्त्यावर दोन्ही ॲक्सल एकमेकांविरुद्ध ओढू लागतात, शाफ्ट पिळले जातात आणि सर्वांत कमकुवत सांधा तुटतो. तो कोठे आणि केव्हा तुटेल हे आधी कोणीच सांगू शकत नाही.

कायदा काय म्हणतो?

आता कोणी विचारेल, वकीलसाहेब, तुम्ही बदल करा म्हणता, पण कायदा तर बदल करू नका म्हणतो. या प्रश्नाला टाळून चालणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्रातील तपशील विसंगत होईल असा फेरबदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हे कलम कडकपणे वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या रूपात आले. अनधिकृत फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

परंतु कलम ५२ चे स्पष्टीकरणही वाचावे. फेरबदल म्हणजे वाहनाच्या रचनेतला असा बदल की ज्याने त्याचे मूळ वैशिष्ट्य बदलते. झिजलेला होजपाइप, लायनर, टायरॉड, किंगपिन बदलणे ही दुरुस्ती आहे, फेरबदल नव्हे. ती करण्यास कोणतीही परवानगी लागत नाही. ती न करणे हाच गुन्हा आहे. कलम १९० प्रमाणे ज्या दोषाने वाहन चालविणे धोक्याचे होते, तो दोष माहीत असून किंवा साध्या काळजीने कळण्यासारखा असून वाहन रस्त्यावर आणले तर दंड आहे, आणि त्यामुळे कोणी जखमी झाले तर तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. माणूस दगावला तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत कैद.

ड्रमच्या जागी डिस्क, जुन्या ॲक्सलच्या जागी नवा, वेगळी स्टेअरिंग पेटी हा मधला प्रांत आहे. येथे माझा सल्ला एकच: काम करण्याआधी आरटीओकडे लेखी अर्ज द्यावा, भागांचा तपशील जोडावा, पोच घ्यावी, उत्तर लेखी मागावे. तोंडी होकारावर गाडी कापू नये. विमा कंपनीलाही लेखी कळवावे. न कळविलेला बदल उघड झाला की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. ज्याला धडक बसली त्याचा दावा त्यामुळे आपोआप बुडत नाही, पण वाद वाढतो आणि तारखा पडत राहतात. त्या दोन मुलींनी हे भोगले. गाडीत विनापरवाना बदल होता, हे म्हणणे विमा कंपनीने मांडले आणि त्यावर वर्षे गेली. भरपाई मंजूर झाली तेव्हा थोरलीचे शिक्षण सुटून बराच काळ लोटला होता.

पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ साली केंद्र सरकारने विंटेज वाहनांचे स्वतंत्र नियम आणले. चासी, बॉडी किंवा इंजिन न बदललेल्या मूळ स्वरूपातील गाडीलाच त्यांत स्थान आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा कामापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. म्हणजे ज्याला इतिहास जपायचा आहे त्याने मूळ गाडी मूळ वेगात चालवावी. ज्याला रोज पळवायची आहे त्याने आजच्या रस्त्याला पुरतील असे ब्रेक कायदेशीर मार्गाने बसवावेत. इतिहासाचे नाव आणि आजचा वेग, दोन्ही एकाच वेळी मागणे हे दुसऱ्याच्या जिवावर उदार होणे आहे.

शासनालाही विचारले पाहिजे. कलम ५२ मध्ये फेरबदलांसाठी तपशील व अटी ठरविण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे घेतला आहे. मग जुन्या वाहनांना सुरक्षित ब्रेक आणि स्टेअरिंग बसविण्यासाठी साधी, परवडणारी, तालुक्याच्या पातळीवर मिळेल अशी मान्यतेची पद्धत का असू नये? सुरक्षिततेसाठीचा बदल आणि शोभेसाठीचा बदल यांना एकाच मापाने मोजल्यास लोक दोन्ही चोरून करतील, आणि चोरून केलेले काम कोणी तपासत नाही.

गॅरेजमधला पोरगा

शेवटी ज्याच्या हातून हे सारे होते त्याच्याविषयी. ड्रम उघडला की आत काळी भुकटी असते. गॅरेजमधला पोरगा कॉम्प्रेसरची हवा मारतो, धुराळा उडतो आणि तो त्याच्या नाकातोंडात जातो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्याचे धागे फुप्फुसात रुततात आणि आजार वीस-तीस वर्षांनी उभा राहतो, तेव्हा ना ते गॅरेज उरलेले असते ना तो मालक. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. तो निर्णय गॅरेजच्या दारापर्यंत पोहोचायला हवा. उपाय महाग नाही. हवा मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे, तोंडावर चांगला मास्क असावा, फडके पिशवीत बांधून टाकावे. आणि चौदा वर्षांखालील मूल या कामावर ठेवणे हा गुन्हा आहे हे मालकाने आणि गिऱ्हाइकाने दोघांनीही ध्यानात ठेवावे.

मिस्त्री बांधवांना आणखी एक सांगणे. अपघात झाला की बोट तुमच्याकडे वळते. म्हणून काम घेताना कागद करा. कोणते भाग बदलले, कोणते बदलण्यास मालकाने नकार दिला, हे लिहून त्याची सही घ्या. "ब्रेक राहू द्या, पुढच्या वेळी बघू," असे म्हणणाऱ्या मालकाला ते वाक्य स्वतःच्या हाताने लिहायला लावा. शंभरातले नव्वद जण लिहिताना थांबतील आणि ब्रेकचे काम करून घेतील.

सारांश एवढाच की क्रम बदलला पाहिजे. आधी ब्रेक, मग स्टेअरिंग, मग ॲक्सल, आणि हे तिन्ही झाल्यावर पैसे उरले तर इंजिन आणि टायर. इंजिन मालकाच्या हौसेसाठी असते. ब्रेक हा त्या गाडीत कधीही न बसलेल्या माणसासाठी असतो. आठवडी बाजाराहून परतणाऱ्या त्या बाईने जीपमालकाकडे काहीच मागितले नव्हते, रस्त्याच्या कडेला उभे राहण्याइतकी जागा तेवढी तिला हवी होती. ज्यांच्या दारात जुनी जीप उभी आहे त्यांनी या रविवारी ती धुण्याआधी तिच्याखाली शिरून चारही होजपाइप पाहावेत आणि मागचे ड्रम उघडून घ्यावेत.